पारी, पुरण आणि आलू

आलूचा पराठा ही पंजाब्यांची देणगी, असे आमच्या हदगाव भागात सर्रास म्हटले जाते. त्याला कारणही आहे. नांदेड जवळ. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये तेथेच निर्वाण झाले, आणि १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी तेथे गुरुद्वारा बांधवून घेतला. तेव्हा पराठाही त्याच वाटेने आला असेल, असा तर्क लोक करतात.

नाव उत्तरेचे, यात वाद नाही. ‘आलू’चे प्रकरण मात्र गमतीचे आहे. पुण्यामुंबईकडचा ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. आपण निजामी मुलखातली माणसे आलू म्हणतो. पण ‘आलुक’ हा संस्कृत शब्द जुन्या वैद्यकग्रंथांतही कंदांसाठी आढळतो. दक्षिण अमेरिकेतला हा कंद भारतात येण्याच्या कितीतरी आधी नाव येथे तयार होते.

आता हात पाहा. आपल्याकडची बाई कणकेच्या उंड्याची वाटी करते, तिला पारी म्हणते, सारण भरून तोंड मिटते आणि पिठी लावून कडेकडेने लाटते. हे तिला पुरणपोळीने शिकवले आहे. पुरण सैल राहिले की पोळी फुटते, आलूचेही तसेच. म्हणून जाणत्या बायका आलू सालासकट उकडतात, पूर्ण गार होऊ देतात, मगच कुस्करतात. कोथिंबीर धुऊन फडक्यावर कोरडी करतात. (पैनगंगेपलीकडे, उमरखेडकडे, तिला सांबार म्हणतात.) मीठ शेवटी घालतात, कारण कोथिंबीर-मिरचीला मिठाने पाणी सुटते. हिरवी मिरची, लसूण, जिरे, ओवा हे ज्याच्या त्याच्या घरचे.

गव्हाची कणीक पातळ करून भाजण्याची विद्या या भागाला किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे ११२९-३०च्या सुमारास, तापल्या खापरावर भाजायच्या मंडकांची कृती आहे. हेच आपले मांडे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या शेजारचे. पण तो राजाचा स्वयंपाक. कुणब्याच्या घरी गहू सणालाच निघे.

माझ्या मते खरा मुद्दा येथे आहे. आपले रोजचे अन्न ज्वारीचे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्याची पारी होत नाही. सारण भरायला गेले की चिरा पडतात. म्हणून तिखटमीठ, कांदा, कोथिंबीर, मेथी पिठातच मळून हाताने थापायची रीत पडली. तेच धपाटे. चव तीच, पण मसाला आत भरण्याऐवजी पिठात मिसळलेला. धपाटे गरिबीची तडजोड नव्हेत. ज्वारीला जे जमते ते नेमके ओळखून केलेला पदार्थ आहे, आणि त्याची नोंद पाककृतींच्या पुस्तकांत पराठ्याच्या निम्मीही होत नाही.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली, हे आमच्या पिढीच्या आईबापांना आठवते. पुढच्या दशकांत हरितक्रांतीचा गहू रेशनमधून आणि बाजारातून घरोघर पोचला, सणाची पोळी रोजची झाली, आणि मग पुरणाच्या जागी आलू भरायला कोणाला शिकवावे लागले नाही. ज्वारीखालची रानेही पुढे सोयाबीनकडे गेली. आज हदगावात शाळेच्या डब्याला पराठा असतो, आणि धपाटे करायचे तर ज्वारी मुद्दाम आणावी लागते.