जीव वाचवण्याची विद्या कोणाची?

मैदानावर धावता धावता एखादा माणूस कोसळला, त्याचे हृदय थांबले, तर पुढे काय होते? मेंदूला रक्तातून मिळणारा प्राणवायू बंद पडतो आणि चार ते सहा मिनिटांतच मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. इतक्या वेळात डॉक्टर येणे कठीणच. म्हणजे अशा वेळचे ज्ञान रुग्णालयात असून भागत नाही, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे हवे. ते त्याच्यापर्यंत कसे पोचले, हे आपण पाहू.

१९५० च्या सुमारास प्रथमोपचाराच्या वर्गांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाची एक रीत शिकवत. माणसाला पालथे निजवायचे, पाठ दाबायची आणि त्याचे दंड उचलायचे. पण याने फुप्फुसांत हवा जाते का? अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जेम्स एलम यांनी वेगळा विचार केला. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तर सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. उच्छ्वासाची हवा ‘खराब’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. पण हा १६ टक्के प्राणवायू दुसऱ्याला जगवायला पुरतो, हे एलम यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले.

पुढचे प्रयोग बाल्टिमोर येथे पीटर सफर यांनी केले. स्वयंसेवकांना औषधाने गुंगी आणून त्यांचे स्नायू शिथिल केले, म्हणजे त्यांना स्वतः श्वास घेता येईना. मग वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसांनी तोंडाने फुंकून त्यांना श्वास दिला. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून वाट अडते, डोके मागे झुकवले की ती मोकळी होते आणि जुन्या रीतीपेक्षा कितीतरी अधिक हवा आत जाते, असे दिसले. १९५८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हृदयाचे काय? बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवेन आणि त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग करत होते. विजेच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की झटका देण्यापूर्वीच रक्तदाब किंचित वाढतो, हे निकरबॉकर यांच्या लक्षात आले. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवण्याची रीत मांडली. यासाठी यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

पण सराव कोणावर करायचा? ज्याचे हृदय चालू आहे त्याची छाती अशी दाबता येत नाही. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेर्दल यांनी १९६० मध्ये यासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. थोड्याच वर्षांत नॉर्वेच्या शाळांतली मुले तिच्यावर श्वास द्यायला शिकू लागली.

दुसरीकडे मोठी मंडळी साशंक होती. १९६६ मध्ये अमेरिकेतील एका राष्ट्रीय परिषदेने ही विद्या डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवकांना शिकवावी अशी शिफारस केली. सामान्य माणसाचा त्यात समावेश नव्हता. शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण चुकीच्या दाबाने बरगड्या मोडतात, यकृताला इजा होऊ शकते. तरी १९७२ मध्ये सिअ‍ॅटल शहराने नागरिकांना मोठ्या प्रमाणावर शिकवायला सुरुवात केली आणि १९७३ च्या परिषदेने सर्वांना शिकवण्याची शिफारस केली.

असाच प्रश्न पुढे खुद्द डॉक्टरांपुढे उभा राहिला. आपत्कालीन विभागात रात्री कोणता रुग्ण येईल ते सांगता येत नाही. छापील पुस्तक तयार व्हायला वर्षे लागतात, नियतकालिके महाग, आणि लहान गावातल्या डॉक्टरला विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून आपत्कालीन आणि अतिदक्षता विभागांतील काही डॉक्टर आपली टिपणे, हृदयालेख, व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य ठेवू लागले. ऑस्ट्रेलियात काम करणारे माइक कडोगन हे त्यांतले एक. २०१२ मध्ये डब्लिन येथे त्यांनी या खटाटोपाला मोफत, खुले वैद्यकीय शिक्षण अशा अर्थाचे ‘फोम’ हे नाव दिले. त्यावरही आक्षेप आला, की हे तपासते कोण? तोही रास्त होता. पण उत्तर म्हणून कोणी दार लावून घेतले नाही. मजकूर पारखण्याच्या कसोट्या तयार झाल्या.

भारतात २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्य झाला. २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी रीत सुचवली. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलेल्या एका आवाहनानुसार बाराव्या वर्षापासून मुलांना दरवर्षी दोन तास हे शिकवावे. दोन तास आपल्या वेळापत्रकात नक्कीच निघतील. गावातल्या जाणकार डॉक्टरांना बोलवावे, बाहुली मिळवावी, आणि आधी आपण शिकावे. सराव मात्र बाहुलीवरच करायचा, मित्राच्या छातीवर नाही, एवढे मुलांना पहिल्याच तासाला सांगावे.