डोंगराची उंची, मातीची खोली

"यवतमाळला डोंगर आहेत का रे?" हा प्रश्न पुण्यातल्या ट्रेकवाल्या मित्रांनी मला इतक्या वेळा विचारलाय की आता मी सरळ आकडेच सांगतो. कळसूबाई १६४६ मीटर. मेळघाटातलं चिखलदरा साधारण ११००. लोणावळा ६२० च्या आसपास. आणि यवतमाळ? जेमतेम ४५०. मित्र हसतात. हसू देत. पण या शनिवारी वऱ्हाडचा इतिहास चाळत बसलो आणि वाटलं, आपण मुळात चुकीची गोष्ट मोजतोय.

जुन्या वऱ्हाडचे दोन भाग मानले जायचे. पायनघाट म्हणजे घाटाखालचं पूर्णेचं खोरं, आजचा अकोला-अमरावतीचा सपाट भाग. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख: यवतमाळ, पुसद, वाशीम, मेहकर. (बीडकडची बालाघाटची रांग वेगळी, गोंधळू नका.) आता अकोल्याची उंची २८० मीटरच्या आसपास. म्हणजे घाटावरचं यवतमाळ आणि घाटाखालचं अकोला यांत फरक किती, तर पावणेदोनशे मीटर! सिंहगड चढताना एवढ्यात तर पहिला ताकाचा ग्लास होतो. मग एवढ्याशा चढासाठी दोन वेगळी नावं कशाला?

उत्तर पायाखाली आहे. सह्याद्री काय, अजिंठ्याची रांग काय, यवतमाळचं पठार काय, खडक तोच, ज्वालामुखीचा काळा बसाल्ट. पण महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर आमच्याकडे हजाराच्या आतबाहेर. पठाराच्या उतारावरची माती हळूहळू वाहून जाते आणि खोऱ्यात साठते. म्हणून खाली कित्येक फूट खोल, भारी काळी जमीन. आणि वर बऱ्याच ठिकाणी बरड, हातभर खणलं की मुरूम लागला.

आपल्या भाषेत सांगायचं तर माती ही शेताची बॅटरी आहे. कपाशीची बोंडं भरतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस निघून गेल्यावर. तेव्हा पऱ्हाटी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. भारी जमिनीचं चार्जिंग पुरतं. हलक्या जमिनीत पावसाने वीस दिवस ताण दिला की झाड मान टाकतं. आणि आमची बहुतेक शेती कोरडवाहू, म्हणजे चार्जर एकच, तोही आकाशात.

ही रेष रस्त्यांवर आणि रुळांवरही दिसते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस आटला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे पायनघाटातून अकोला-बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. सपाट जमीन, वर कापूसही तिथेच. यवतमाळ घाटावरच राहिलं. पुढे विसाव्या शतकात त्याला मिळाली ती मूर्तिजापूरहून येणारी अडीच फुटी रुळांची गाडी, आपली 'शकुंतला', सुमारे ११३ किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ती १९९४ पर्यंत ओढत होतं! (आपण तीन वर्षांत फोन जुना झाला म्हणतो.) आता तीही बंद पडलीय. वर्ध्याकडून येणारी ब्रॉडगेज २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली.

गाडीचे रस्ते बघा. नागपूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे जुना ७ आणि आताचा ४४, जिल्ह्याच्या पूर्वेकडून करंजी-पांढरकवडा करत जातो, यवतमाळ शहर बाजूलाच राहतं. २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम करत जातो, आमच्या जिल्ह्यात शिरतच नाही. याला कारण फक्त घाट, असं मी म्हणणार नाही. पण दीडशे वर्षांनीही मोठा रस्ता शेजारून निघून जातो, हे टोचतं.

तसंच सगळा दोष मातीवर टाकणंही खोटं ठरेल. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळबरोबर खालचे अकोला-अमरावतीही होते. भारी जमिनीवाल्यालाही कापसाचा भाव आणि डोक्यावरचं कर्ज चुकत नाही. पण पॅकेज जिल्ह्याला मिळतं आणि ताण शेताला बसतो. आमच्याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या बाजूची वणी २३० मीटरवर आहे. टेकडीवरचा शेतकरी आणि नदीकाठचा शेतकरी एकाच दुकानातून तेच बियाणं, तेच खत घेतात, एकाच बाजारात कापूस विकतात. खर्च सारखाच, बॅटरी मात्र अर्धीसुद्धा नाही. सातबारावर एकर लिहिलेले असतात, खोली नसते.

असो. कधी वर्ध्याहून कळंबमार्गे गाडीने यवतमाळला आलात, तर चढ तुम्हाला जाणवणारही नाही. पण जिथे रस्त्यासाठी टेकडी कापलीय तिथे दोन मिनिटं थांबा आणि बघा, वर काळी माती किती बोटं आणि खाली मुरूम किती. इथल्या डोंगराचा खरा आकडा तो.