रेडिओची पाठ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

रेडिओ घेताना आपण त्याचं तोंड पाहतो. बटणं कशी आहेत, आकडे नीट दिसतात का, दिवाणखान्यात शोभेल का. पाठ कुणीच पाहत नाही. सेट घरी आला की ती भिंतीकडे वळते आणि पुढची वीस वर्षं तिच्यावर धूळ बसते. माझं म्हणणं असं, की आपल्या शहरातल्या रेडिओचा बराचसा इतिहास या पाठीवरच लिहिलेला आहे. ती न वाचता सेटला हात घालणं जिवावर बेतू शकतं, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मी घरातच शिकलो.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. त्याआधी इथल्या रसिकांना मुंबई किंवा दिल्ली ऐकायची तर खरखरीतून आवाज वेचावा लागे. आता मराठी आणि हिंदी कार्यक्रम गावातूनच येऊ लागले आणि घरांच्या छपरांवर एरियल दिसू लागली. दोन बांबूंवर ताणलेली तार, नाहीतर तांब्याच्या जाळीची पट्टी. तिचं एक टोक खिडकीतून आत येई आणि सेटच्या पाठीवर 'एरियल' लिहिलेल्या भोकात जाई. शेजारी दुसरं भोक 'अर्थ'चं. त्याची तार अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात जमीन वाळून भेगाळली की आमचे वडील त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतत. आम्हा मुलांना वाटे, रेडिओलाही तहान लागते.

खिडकीच्या चौकटीवर एक छोटा खटका होता. मृगाच्या सरी सुरू झाल्या, आभाळ गडगडू लागलं, की गाणं कितीही रंगलेलं असो, वडील उठून तो खटका खाली पाडत. एरियल सेटपासून सुटे आणि थेट जमिनीला जोडली जाई. जवळपास वीज पडली तर ती घरात न शिरता जमिनीत जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सेटच्या पाठीवर तिसरी गोष्ट लिहिलेली असे, ती व्होल्टेजची. काही शहरांत एसी वीज, काही भागांत डीसी, म्हणून दोन्हींवर चालणारे 'एसी-डीसी' सेट मिळत. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे. विजेची एक तार थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली. प्लग उलटा बसला की अख्ख्या सांगाड्यात वीज. म्हणूनच त्यांची बटणं प्लॅस्टिकची असत आणि बटणातला स्क्रू खोल बसवून वर मेण भरलेलं असे. ते मेण उकरून काढणारे हौशी लोक मी पाहिले आहेत.

आमचा सेट ट्रान्सफॉर्मरवाला होता, त्यामुळे वडील निर्धास्त. १९६४ च्या सुमारास एका रविवारी आवाज घोगरा झाला. वडिलांनी प्लग काढला, पाठीचा पुठ्ठा उघडला आणि आत बोट घातलं. क्षणात ते मागे भेलकांडले आणि खुर्चीवर आदळले. प्लग तर हातभर अंतरावर पडलेला! आई घाबरून लाकडी लाटणं घेऊन धावली. शॉक बसलेल्याला हातानं ओढायचं नसतं, एवढं तिला माहीत होतं.

महालातल्या ज्या कारागिराकडे तो सेट गेला, त्यांनी कारण सांगितलं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट डीसी तयार होतात आणि ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. प्लग काढला म्हणून कंडेन्सर लगेच रिकामा होत नाही. मग त्यांनी आपली शिस्त सांगितली. प्लग काढून समोर दिसेल असा ठेवायचा. थोडा वेळ थांबायचं. मग कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करायचा, पेचकस लावून ठिणगी पाडायची नाही. मीटर लावून खात्री करायची. आणि आत एक हात असेल तेव्हा दुसरा पाठीमागे ठेवायचा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जाणार नाही. त्या दिवसापासून वडिलांचं एक वाक्य घरात रूढ झालं : आधी पाठ वाच.

रेडिओ हे तेव्हा सरकारी परवान्याचं प्रकरण होतं. पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. हे शुल्क सगळ्या सेट्सवरून गेलं ते १९८५ मध्ये. पण परवाना दिल्लीचा असला तरी कान सिलोनकडे होते. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीत आटलं आणि १९५२ पासून बिनाका गीतमालेनं घरं काबीज केली. उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. ट्रान्झिस्टर आला तेव्हा छपरावरची एरियल, अंगणातला खड्डा आणि शॉकची भीती असं सगळंच गेलं. चार सेल घातले की झालं. पाठीवर वाचण्यासारखं काही उरलं नाही, असं आम्हाला वाटलं.

याच सुमारास जिनिव्हात एक गोष्ट घडली. मध्यम लहरींवर केंद्रांची एवढी गर्दी झाली होती, की रात्री एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळे. १९७५ मध्ये युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या देशांनी ठरवलं, की दोन केंद्रांमधलं अंतर नऊ किलोहर्ट्झ ठेवायचं. २३ नोव्हेंबर १९७८ पासून हा करार अमलात आला. अमेरिका खंडानं मात्र आपलं दहाचंच अंतर कायम ठेवलं. आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. काट्याचे रेडिओ होते. काटा केसभर सरकवला की केंद्र सापडे. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर ऐकू येऊ लागलं. ५८५ ला नऊनं भाग जातो, दहानं जात नाही. एवढं लक्षात ठेवा.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या भाच्यानं आईसाठी डिजिटल ट्यूनर आणला. काळा, देखणा, काट्याऐवजी निळे आकडे. मी प्लग लावणार तोच आई म्हणाली, "अरे, पाठ वाचलीस का?" वाचली. व्होल्टेजचा खटका १२० वर होता. तसाच लावला असता तर आतला ट्रान्सफॉर्मर धुरासकट गेला असता. पेचकसानं खटका २३० वर नेला आणि बढाई मारत ट्यूनर सुरू केला.

९८.३ आणि ९१.१ वरची खासगी एफएम केंद्रं खणखणीत लागली. पण विविध भारतीचं १००.६ काही येईना. १००.५ वर आवाज फाटलेला, १००.७ वरही तसाच. मध्यम लहरींवर ५८० ला नागपूर घोगरं आणि ५९० लाही घोगरं. रात्री राष्ट्रीय प्रसारणाचीही तीच गत. ते तर नागपूरच्याच हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १५६६ वर लागे आणि देशभर ऐकू जाई. आई म्हणाली, "केंद्रच बिघडलंय वाटतं. आता कोण लक्ष देतं तिकडे?" तिनं पहाटे रेडिओ लावणंच सोडलं. साठ वर्षांची सवय पंधरा दिवसांत मोडली. घरात सकाळ झालेली कळेना.

मला ते पाहवेना. ट्यूनरच बिघडला असेल म्हणून बटण दाबून तो बंद केला आणि झाकणाचे स्क्रू काढले. सीताबर्डीहून बोलावलेला दुरुस्तीवाला नेमका त्याच वेळी दारात आला. त्यानं आधी माझा हात धरला. "साहेब, प्लग काढला का?" नव्हता काढला. ते बटण नुसतं 'स्टँडबाय'चं होतं. आकडे विझतात, पण ट्रान्सफॉर्मरपर्यंत २३० व्होल्ट तसेच उभे असतात. ज्यांच्या घरात वडिलांना तसा शॉक बसला होता, त्या घरातला मी!

त्यानं प्लग ओढला, ट्यूनर फिरवला आणि पाठीवर टॉर्च मारला. एरियलच्या भोकांजवळ नखाएवढा आणखी एक खटका होता. एका बाजूला ९, दुसऱ्या बाजूला १०. "सेट ठणठणीत आहे हो," तो हसत म्हणाला, "फक्त अमेरिकेचं ऐकून राहिला."

खटका ९ वर गेला आणि आकडे ५७६, ५८५, ५९४ असे चालू लागले. त्याच खटक्यानं एफएमचीही पायरी बदलली. आधी दोन दशांशांची उडी होती, म्हणून फक्त विषम आकडे लागत. ९८.३ सापडायचं आणि १००.६ हुकायचं ते त्यामुळे. दुसऱ्या दिवशी पहाटे आईच्या खोलीतून संकेतधून ऐकू आली. ती एवढंच म्हणाली, "पाठ अर्धीच वाचली होतीस."

राष्ट्रीय प्रसारण २०१८-१९ च्या सुमारास बंद झालं. देशातले मध्यम लहरींचे कितीतरी प्रक्षेपकही शांत झाले आहेत. आकाशवाणीनं तीसहून अधिक ठिकाणी मध्यम लहरींवर डीआरएम हे नवं डिजिटल प्रसारण आणलं. पण ते ऐकायला वेगळा सेट लागतो, आणि असा सेट फार थोड्या घरांत पोचला. म्हणजे प्रसारण आहे पण घरातला सेट त्याच्याशी जुळत नाही, ही आमच्याकडची पंधरा दिवसांची गोष्ट मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. आवाज आला नाही, की श्रोता बिचारा समजतो केंद्र संपलं, आणि उठून जातो.

तुमच्याकडे जुना ट्यूनर पडून असेल तर तो भंगारात देण्याआधी एवढं करा. प्लग काढा. कोरड्या ब्रशनं पाठ झाडा. व्होल्टेज, फ्यूजचा आकडा आणि ९-१० चा खटका वाचा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा घाला, तार गुंडाळू नका. मध्यम लहरींची वेटोळ्याची एरियल खोक्यातच राहिली असेल तर ती जोडा आणि फिरवून पाहा. जवळचे एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद करा, निम्मी खरखर त्यांचीच असते. कूलरच्या झोतात सेट ठेवू नका आणि त्याच्या जाळीवर विणलेला रुमाल घालू नका, त्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेऊ द्या. झाकण मात्र जाणकारालाच उघडू द्या.