छप्पर उडालं की गाव येतं: डॉमिनिकाचं 'कुदमें'

आजचा एपिसोड एका छोट्या बेटाचा आणि तिथल्या उडालेल्या छपरांचा.

18 सप्टेंबर 2017 ची रात्र. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकावर 'मारिया' हे हरिकेन धडकलं. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे बरं का, तो वेगळा देश. हे बेट आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं, वस्ती सत्तरेक हजार. वारा ताशी 260 किलोमीटरच्या वर. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी त्याच रात्री फेसबुकवर कळवलं, की माझं छप्पर उडालं. बेटावरच्या सुमारे 90 टक्के छपरांचं नुकसान झालं. 65 माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

दरडींनी रस्ते बंद, फोन बंद, वीज नाही. बाहेरची मदत पोचेपर्यंत गावात हात कोणाचे? शेजाऱ्यांचेच.

या शेजारधर्माला तिथल्या क्रेओल भाषेत 'कुदमें' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्क 'हातभार'. ही रीत जुनी आहे. 1830 च्या दशकात गुलामगिरी संपली, तेव्हा मोकळ्या झालेल्या लोकांकडे मजुरीला पैसे कुठले? मग आज सगळे मिळून तुझं घर उभारू, उद्या माझं. घरमालकाने जेवण घालायचं, बस्स. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड आठवली ना? अगदी तेच.

पण नुसत्या हातांनी भागत नाही. 29 ऑगस्ट 1979 ला 'डेव्हिड' वादळाने याच बेटावरच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना बेघर केलं होतं. तेव्हाही घरं पुन्हा उभी राहिली. पण पुढच्या 38 वर्षांत एक अख्खी पिढी असं वादळ न बघता मोठी झाली.

मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे वारा छपराला खाली दाबतो असंच मला वाटायचं. प्रत्यक्षात तो छप्पर वर उचलतो. म्हणून खिळ्यांऐवजी स्क्रू हवेत, वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले हवेत आणि उतार दोनऐवजी चारही बाजूंना असला तर उत्तम. मारियानंतर डॉमिनिका सरकारने घरबांधणीची मार्गदर्शिका काढली, तिचा रोखही असाच मजबूत बांधणीवर होता.

इथेच घाईतल्या मदतीचा धोका आहे. सापडलेला पत्रा सरळ करून चार खिळे ठोकले, तर आजचा पाऊस थांबतो. पुढच्या वादळात तोच पत्रा शेजाऱ्याच्या अंगावर जातो. मारियानंतर बरेच लोक बेट सोडून गेले, म्हणजे हात आणखी कमी झाले. त्यामुळे बाहेरचे स्वयंसेवक हवेतच. पण ते काही आठवड्यांनी परत जाणार. म्हणून त्यांनी किती छपरं घातली यापेक्षा, ते गेल्यावर तसंच छप्पर घालू शकणारे किती जण गावात उरले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुदमेंची खरी ताकद तीच. दहा जण एका छपरावर राबले, तर दहा जण ते काम शिकतात.

3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळाने आपल्या कोकणातलीही कौलं आणि पत्रे उडवले. तुमच्या गावचं घर तिथे असेल, तर या सुट्टीत एकदा वर बघा. पत्रा खिळ्यांवर आहे की स्क्रूवर? आणि ते काम येणारं गावात कोण आहे, हेही विचारून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!