न्यूरॉन : युरोपीय मानवरहित लढाऊ विमान

सहा युरोपीय देशांनी मिळून घडवलेले, रडारला सहज न सापडणारे प्रायोगिक विमान. नेतृत्व फ्रान्सच्या दासो कंपनीकडे. इटली, स्वीडन, स्पेन, ग्रीस व स्वित्झर्लंड हे भागीदार. 1 डिसेंबर 2012 रोजी फ्रान्समधील इस्त्र येथे त्याने पहिले उड्डाण केले. या सहकार्याचे खरे बळ कामाच्या वाटणीत होते. ज्याचा हात ज्या कामात बसलेला, ते काम त्याच्याकडे गेले : स्पेनकडे पंख आणि भू-नियंत्रण केंद्र, इटलीकडे शस्त्रकक्ष, ग्रीसकडे मागचा सांगाडा, स्वित्झर्लंडकडे वातबोगद्यातील चाचण्या. एकच काम दोन ठिकाणी झाले नाही, आणि सुमारे 40 कोटी युरोंत एवढे अवघड विमान उभे राहिले.

निम्मा वाटा फ्रान्सचा असल्याने ही भागीदारी नावापुरती होती, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. 2015 मध्ये स्वीडनच्या विडसेल क्षेत्रात बाँब टाकण्याची चाचणी झाली, ती यजमान भागीदाराच्या विस्तीर्ण चाचणीभूमीमुळेच. विमानाचे उत्पादन झाले नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र उद्दिष्टच तंत्र सिद्ध करण्याचे होते, आणि 2024 मध्ये फ्रान्सने राफालच्या जोडीला जाहीर केलेले मानवरहित विमान याच अनुभवावर आधारलेले आहे.