शांतिसेना पाठवा म्हणणं सोपं आहे

परवा देवळाली कॅम्पला एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर बांगलादेशचा विषय रंगला होता. 2024 च्या डिसेंबरमध्ये ममता बॅनर्जींनी म्हटलं होतं की तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना जावी म्हणून केंद्राने प्रयत्न करावेत. त्यावर एक पोरगा म्हणाला, "यूएन कशाला पाहिजे? आपलीच पाठवायची." सिन्नर तालुक्यातले एक निवृत्त हवालदार शेजारी बसले होते. ते म्हणाले, "आपली गेली होती बाबा. मी होतो त्यात."

पोरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, आपण सांगितलंच नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. श्रीलंकेतल्या तमिळ अतिरेक्यांनी शस्त्रं खाली ठेवायची, सरकारने तमिळ भागाला अधिकार द्यायचे आणि युद्धबंदी टिकवायला गरज पडली तर भारताची फौज बोलवायची. आता यातली गोम बघा. लढणारी मुख्य संघटना एलटीटीई, आणि करारावर तिची सही नाही. त्याच संघटनेच्या पोरांना काही वर्षं आधी भारतानेच प्रशिक्षण आणि हत्यारं दिलेली. म्हणजे पंच म्हणून मैदानात उतरलो ते एका संघाला आधी बॅट-बॉल पुरवून.

सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. आपली फौज त्याच सुमारास जाफन्यात उतरत होती. तिथल्या तमिळ लोकांनी तिचं स्वागत केलं. हवालदार सांगतात, "हार घातले आम्हाला. आमच्या साहेबांनी सांगितलं होतं, भांडण सोडवायचंय, लढायचं नाहीये." ऑक्टोबरमध्ये तीच फौज एलटीटीईशी लढत होती. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जवानांपैकी एकच वाचला. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मराठा लाइट इन्फन्ट्रीही तिथे होती. आपल्याकडच्या किती घरांत त्या बेटावरून तारा आल्या असतील, विचार करा.

आणि पुढे काय झालं? श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय फौज निघून जा म्हणाले. एवढ्यावर थांबले नाहीत, आपल्या जवानांशी लढायला एलटीटीईलाच हत्यारं पुरवली! ज्या दोघांच्या मध्ये आपण उभे होतो, ते दोघे आपल्या विरोधात एक झाले. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी परतली. तोवर 1,100 हून जास्त जवान गेले होते. तमिळ नागरिकही मेले, आपल्या फौजेवर अत्याचाराचे आरोप झाले. हेही लिहायला हवं. जवान मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पुढच्या वर्षी एलटीटीईने राजीव गांधींचा जीव घेतला.

याच्या शेजारी कोरिया ठेवून बघा. 1953. युद्धबंदी झाल्यावर मायदेशी जायला तयार नसलेले 22 हजारांहून जास्त कैदी सांभाळायला भारताची सुमारे 6 हजारांची फौज गेली. प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हटलं, तर जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट छावणीत नेलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः मोजकी माणसं घेऊन आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. तिथेही नंतर गोळीबार करावा लागलाच, सगळं गोड नव्हतं. पण दोन्ही बाजूंनी सह्या केल्या होत्या, काम ठरलेलं होतं, मुदत ठरलेली होती. काही महिन्यांत फौज घरी आली. आणि कोरियात आपला स्वतःचा काही हिशोब नव्हता. श्रीलंकेत होता. शेजाऱ्याचा असतोच.

हा इतिहास आत्ता काढायचं कारण टपरीवरच्या गप्पांपुरतं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या मोहिमा आवरत चालल्यात. मालीतली 2023 मध्ये संपली. लेबनॉनमधली, जिथे आपली पलटण आहे, ती 2026 अखेर थांबवायचं ठरलंय. त्या जागी शेजारच्या देशांनीच फौज द्यावी हा विचार बळावतोय. 2023 च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेने ठराव 2719 केला. त्यानुसार आफ्रिकन युनियनच्या मोहिमांना 75 टक्क्यांपर्यंत पैसा संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून मिळू शकतो. शेजाऱ्याला भाषा कळते, तो लवकर पोचतो, हे मलाही पटतं. सोमालियात आफ्रिकन फौज 2007 पासून आहे, ती नसती तर मोगादिशू टिकलं नसतं असं माझं मत. पण लायबेरियात 1990 मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने शेजारी गेले आणि काही दिवसांतच टेलरच्या बंडखोरांशी लढू लागले, अगदी आपल्यासारखं. कांगोत दक्षिण आफ्रिकेकडच्या देशांची फौज गेली, गोमा शहर बंडखोरांनी घेतलं, आणि 2025 च्या मार्चमध्ये मोहीम गुंडाळायची ठरली.

त्यामुळे उद्या दिल्लीत कोणी शेजारी फौज पाठवायची भाषा केली, तर आपल्या खासदारांनी संसदेत दोन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. लढणाऱ्या सगळ्यांची सही आहे का? परत कधी यायचं, ते कागदावर आहे का? 1987 च्या करारात दोन्ही नव्हत्या.

टपरीवरचा तो पोरगा नंतर हवालदारांना म्हणाला, "काका, मेडल मिळालं का?" ते म्हणाले, "मिळालं ना. पेटीत आहे."

नाशिक, सिन्नर, निफाड, येवला, कुठेही तुमच्या ओळखीत ऑपरेशन पवनला गेलेलं कोणी असेल तर मला मेसेज करा. मी घरी येऊन बोलेन. बहुतेक जण आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत.