उंच वैमानिकाची जागा : छोट्या द्विआसनी विमानांच्या केबिनचा इतिहास

छोट्या द्विआसनी विमानात उंच माणसाला नीट बसता येते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खरेदीदाराच्या सोयीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर त्या विमानाच्या आराखड्यात पूर्वीच ठरून गेलेले असते, कारण प्रत्येक आराखडाकाराला केबिन आखण्यापूर्वी एक माणूस कल्पावा लागतो आणि त्या कल्पित माणसाचे वजन, खांदे, मांड्या व डोळ्यांची पातळी यांभोवतीच पुढे सारे विमान उभे राहते. हा कल्पित माणूस कोण होता, तो केव्हा व कोणत्या कारणाने बदलला आणि त्याच्या मापात न बसणाऱ्यांना त्याची कोणती किंमत मोजावी लागली, हे पाहिले की हलक्या विमानांच्या शंभर वर्षांचा एक दुर्लक्षित पैलू समोर येतो.

या विषयात ‘उंची’ हा शब्दच मुळात अपुरा आहे. आसनापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे बैठी उंची, ही छत पुरेल की नाही हे ठरवते. नितंबापासून गुडघ्यापर्यंतची मांडीची लांबी गुडघे आणि समोरचा उपकरण-फलक यांच्यातील अंतर ठरवते. तर संपूर्ण पायाची लांबी रडर पेडलांपर्यंतचे, म्हणजे शेपटीवरील उभे सुकाणू पायांनी वळवण्याच्या पेडलांपर्यंतचे अंतर ठरवते. भारतीय हवाई दलाच्या वैमानिक-निवडीचे निकष याच कारणाने निव्वळ उंचीवर थांबत नाहीत, किमान १६२.५ सेंटिमीटर उंचीबरोबरच बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर असावी, अशा स्वतंत्र मर्यादा तेथे घातलेल्या आढळतात. सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे डोके छताला लागावे आणि दुसरीचे गुडघे फलकाला टेकावेत, हे त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे.

सुरुवातीची हलकी विमाने अरुंद होती, त्यामागे उंच माणसांविषयीची अनास्था नव्हती, तर इंजिनाची मर्यादा होती. विमान पुढे जाताना हवा जो अडथळा करते त्याला वायुरोध म्हणतात आणि समोरून दिसणारे विमानाचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका हा वायुरोध वाढतो. त्यामुळे रुंद केबिनसाठी अधिक शक्ती लागते, अधिक शक्तीसाठी जड इंजिन व अधिक इंधन लागते आणि त्यांचे वजन उचलण्यासाठी पुन्हा मोठे पंख लागतात. ब्रिटिश आराखडाकार जेफ्री डी हॅव्हिलँड यांचे डीएच-६० मॉथ हे विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडाले, तेव्हा त्याचे सिरस इंजिन अवघ्या ६० अश्वशक्तीचे होते. दोघांना एकामागे एक बसवण्याच्या, म्हणजे टँडेम, रचनेत विमानाचा सांगाडा एकाच माणसाच्या खांद्यांएवढा ठेवता येत असे आणि मॉथने हाच मार्ग पत्करला. याच घराण्यातील विमानांवर भारतातील पहिले फ्लाइंग क्लब उभे राहिले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळवला.

माणसाच्या हालचालीसाठी विमानाची रचना बदलावी लागल्याचे एक ठळक उदाहरण मॉथच्याच पुढच्या पिढीत दिसते. लष्करी प्रशिक्षणात पुढच्या आसनावरील व्यक्तीला पॅराशूट बांधलेल्या अवस्थेत तातडीने बाहेर पडता यावे, अशी गरज होती. परंतु वरचा पंख आणि त्याचे आधारदंड नेमके तिच्या डोक्यावर येत असत. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवण्यात आला आणि उचलशक्तीचा तोल बिघडू नये यासाठी पंख मागे झुकवण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडालेल्या टायगर मॉथचे ओळखीचे झुकते पंख या गरजेतून आले आहेत. बाहेर पडण्याची वाट अशी मोकळी झाली, तरी उंच बैठकीचा विचार झाला नव्हता. सुमारे १९८ सेंटिमीटर उंचीचे ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल १९३९ मध्ये नैरोबीत टायगर मॉथवर शिकले. आपले डोके वाऱ्याला अडवणाऱ्या काचेच्या वर राहत असे आणि समोरून येणाऱ्या झोतात श्वास घेणे कठीण होई, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. उघड्या कॉकपिटमुळे त्यांना उडता तरी आले; तेच डोके त्या काचेएवढ्या उंचीच्या बंद छताखाली मावले नसते.

अमेरिकेत याच काळात दुसरा प्रश्न पुढे आला, तो वजनाच्या जागेचा. विमानाचे सारे वजन ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर पुढे वा मागे गेला, तर विमान नियंत्रणात राहत नाही. टँडेम विमानात दोन्ही आसने या बिंदूपासून सारख्या अंतरावर नसल्याने वैमानिकाच्या वजनाचा तोलावर मोठा परिणाम होतो. पायपर जे-३ कब या विमानात इंधनटाकी इंजिनामागे नाकातच होती. म्हणून एकट्या वैमानिकाला मागच्या आसनावर बसून, पुढच्या रिकाम्या आसनापलीकडे पाहत उडावे लागे. १९४७ च्या पीए-११ मध्ये टाकी पंखात गेली, तेव्हा एकट्या वैमानिकाला पुढे बसता येऊ लागले. मूळ कबची कल्पना ज्यांची, त्या सी. जी. टेलर यांनी पायपरपासून वेगळे झाल्यावर टेलरक्राफ्टमध्ये दोघांना शेजारी-शेजारी बसवले. या मांडणीत दोघांचेही वजन गुरुत्वमध्याजवळ राहते आणि शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात दिसतात. मात्र दोन जोड खांदे एका रांगेत आल्याने रुंदीचा प्रश्न नव्याने निर्माण झाला. लहान इंजिनांच्या त्या काळात या प्रकारच्या बहुतेक विमानांची केबिन एक मीटरच्या आसपास राहिली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मीटर आला.

स्वतंत्र भारतातील विमाननिर्मितीत या दोन्ही परंपरा उतरल्या. जर्मनीतील गटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेले मराठी अभियंते डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेले एचटी-२ हे टँडेम प्रशिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. तर २८ सप्टेंबर १९५८ रोजी उडालेले पुष्पक हे एरॉन्का चीफ या अमेरिकी विमानाच्या धर्तीवरचे, पंख वर असलेले, शेजारी-शेजारी आसनांचे आणि ९० अश्वशक्तीचे विमान होते. पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचले आणि त्यासोबत परदेशी आराखड्यात गृहीत धरलेली मापेही येथील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

हा गृहीत माणूस नियमांच्या पुस्तकातही होता. अमेरिकी प्रमाणन-नियमांत सर्वसाधारण वर्गातील विमानाच्या प्रत्येक आसनासाठी १७० पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो, आणि अधिक कसरतीच्या वर्गांसाठी पॅराशूटसह १९० पौंड, म्हणजे सुमारे ८६ किलो, एवढा भार धरला जाई. जगातील सर्वाधिक परिचित प्रशिक्षण-विमानांपैकी एक असलेले सेस्ना १५० याच चौकटीत जन्मले. १९५८ ते १९७७ या काळात त्याची २३ हजारांहून अधिक विमाने तयार झाली, यावरून त्याच्या गुणांची कल्पना येते. तरीही खांद्याला खांदा घासल्याशिवाय दोन धिप्पाड माणसांना त्यात बसता येत नसे. १९६७ च्या १५०-जी या आवृत्तीत कंपनीने दोन्ही दारांना बाहेरच्या बाजूस प्रत्येकी दीड इंचाचा फुगवटा दिला आणि सांगाडा न बदलता एकूण तीन इंच, म्हणजे सुमारे साडेसात सेंटिमीटर, जागा मिळवली. एवढ्या थोड्या जागेसाठी दारे नव्याने घडवावी लागली, यावरून त्या केबिनमध्ये प्रत्येक इंचाला किती मोल होते ते उमगते.

रुंदी वाढली तरी बैठकीची अडचण उरलीच. पंख वर असलेल्या विमानात उंच वैमानिकाचे डोळे पंखाच्या पातळीला जातात आणि बाजूला पाहण्यासाठी त्याला मान वाकवावी लागते. पंख खाली असलेल्या विमानात स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी मुख्य तुळई, आसनाखालून जात असल्याने आसन आणखी खाली नेता येत नाही. नियंत्रणासाठी चाक असेल, तर ते पूर्ण वळवताना गुडघ्यांना लागते, आणि दांडी असेल, तर ती बाजूला झुकवताना मांड्यांना अडते. पंखांच्या टोकांकडील हलत्या फळ्या, म्हणजे एलेरॉन, पूर्ण फिरवता न येणे ही गैरसोय नसून धोका आहे, कारण जमिनीलगतच्या आडव्या वाऱ्यात नेमक्या त्याच हालचालीची गरज पडते.

कल्पित माणसाच्या या संकल्पनेलाच पहिला शास्त्रीय धक्का लष्करी संशोधनाने दिला. अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली आणि त्यांतील ४,०६३ जणांच्या नोंदी गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाच्या दहा मापांवर तपासल्या. प्रत्येक मापाच्या सरासरीभोवतीचा मधला ३० टक्क्यांचा पट्टा ‘सरासरी’ मानूनही, दहाही मापांत सरासरी ठरणारा एकही वैमानिक त्याला सापडला नाही. १९५२ च्या त्याच्या अहवालाचे तात्पर्य असे होते की सरासरी माणसासाठी आखलेली जागा प्रत्यक्षात कोणासाठीच आखलेली नसते. यानंतर आसन, पेडल आणि पट्टे सरकवता येण्यावर लष्करी आराखड्यांत भर आला. हा विचार नागरी हलक्या विमानांत मात्र फार सावकाश झिरपला, आणि उंच वैमानिकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत खेदजनक भाग हाच आहे. ज्ञान उपलब्ध झाले होते, परंतु जुने साचे तसेच चालू राहिले.

बदल आला तो वापरणाऱ्यांचे म्हणणे ऐकल्यामुळे. पायपरने उड्डाण-प्रशिक्षकांची मते मागवून आखलेले टॉमाहॉक १९७८ मध्ये बाजारात आणले; त्याची केबिन सेस्ना १५० च्या जागी आलेल्या सेस्ना १५२ पेक्षा रुंद होती आणि तिला दोन्ही बाजूंना दारे होती. पुढे ऑस्ट्रियन मुळाच्या डायमंड डीए-२० मध्ये मागे रेललेले आसन स्थिर ठेवून पेडलेच पुढे-मागे सरकवण्याची सोय झाली; रेलल्यामुळे बैठी उंची कमी होते आणि सरकत्या पेडलांमुळे लांब पायांना जागा मिळते, म्हणून एकाच उपायाने दोन मापे सांभाळली जातात. घरी सुटे भाग जोडून विमान बांधणाऱ्यांच्या जगातही हेच घडले. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचे आरव्ही-४ हे चपळ टँडेम विमान मोठ्या देहाच्या माणसांना घट्ट होत असे. त्यांच्या मागणीला उत्तर म्हणून १९९५ मध्ये आलेल्या आरव्ही-८ ची केबिन अधिक रुंद व उंच करण्यात आली.

एकविसाव्या शतकात रुंदीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. कार्बन तंतूंसारख्या संमिश्र द्रव्यांमुळे सांगाड्याच्या भिंती पातळ झाल्या आणि रोटॅक्स ९१२ सारख्या हलक्या इंजिनांमुळे वजनाची बचत झाली. जर्मनीच्या फ्लाइट डिझाइन सीटी या विमानाची केबिन १२४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे चार आसनी सेस्ना १७२ पेक्षाही ऐसपैस. परंतु अमेरिकेने २००४ मध्ये घडवलेल्या हलक्या क्रीडाविमानांच्या वर्गात उड्डाणावेळच्या एकूण वजनाची मर्यादा १,३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, अशी होती आणि तेथे जुनी अडचण नव्या रूपात परतली. २००८ मध्ये प्रथम उडालेल्या सेस्ना १६२ स्कायकॅचरची केबिन खांद्यांपाशी ११२ सेंटिमीटर रुंद होती आणि तिची नियंत्रण-दांडी फलकाखालून येत असल्याने मांडीवरची जागाही मोकळी राही. पण विमानाचे रिकामे वजन सुमारे ३७५ किलो असल्याने माणसे, सामान व इंधन यांसाठी मिळून २२५ किलोच उरत. प्रत्येकी १०० किलोची दोन माणसे बसली, तर उरलेल्या २५ किलोंत सुमारे ३५ लिटर पेट्रोल मावे, म्हणजे राखीव साठा वगळता तासाभराचेच उड्डाण शक्य होई. याउलट अरुंद सेस्ना १५२ मध्ये तीच दोन माणसे अवघडून बसली, तरी साधारण दुप्पट इंधन नेऊ शकत. जागा मिळाली तेव्हा भार घटला आणि भार मिळत होता तेव्हा जागा नव्हती, असे या दोन विमानांचे नाते आहे.

भारतात राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने संमिश्र द्रव्यांपासून घडवलेले हंसा हे शेजारी-शेजारी आसनांचे विमान १७ नोव्हेंबर १९९३ रोजी आणि त्याची नवी आवृत्ती हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाली. परदेशी साच्यावर न विसंबता येथील क्लबांसाठी आखलेल्या विमानाला येथील तरुण-तरुणींच्या देहांची सगळी विविधता, सर्वांत ठेंगण्यापासून सर्वांत उंचापर्यंत, मोजण्याची संधी आहे. पुष्पकच्या काळात ती नव्हती आणि म्हणूनच ती वाया जाऊ नये.

या इतिहासातून निवड करणाऱ्याला एक क्रम मिळतो. जाहिरातीतील केबिनची रुंदी हा शेवटचा आकडा मानून प्रथम आपली बैठी उंची, मांडी आणि पाय ही तीन मापे वेगवेगळी घ्यावीत. मग कानावरचा हेडसेट घालून व पट्टे आवळून प्रत्यक्ष आसनावर बसावे, चाक वा दांडी चारही दिशांना शेवटपर्यंत फिरवावी आणि दोन्ही पेडले टोकापर्यंत दाबून पाहावीत. आणि शेवटी त्याच विशिष्ट विमानाच्या वजनपत्रकावर स्वतःचे व सोबत्याचे खरे वजन मांडून इंधनाला किती किलो उरतात आणि गुरुत्वमध्य कोठे येतो, ते काढावे. यांपैकी एका जरी कसोटीला विमान उतरले नाही, तरी उणीव उंच माणसाच्या देहात शोधू नये. ती आराखडाकाराने बसवलेल्या त्या कल्पित माणसात असते, आणि डॅनियल्सने दाखवून दिल्याप्रमाणे तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता.